शब्दाचे माहेर आणि सासर

लखनौ शहरात गोमतीच्या उत्तरेस अलीगंज नावाची वस्ती आहे. ज्येष्ठ महिना लागला, की दर मंगळवारी तेथील हनुमंताच्या मंदिरांपुढे भाविकांची रीघ लागते. रस्तोरस्ती मांडव पडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी, सरबत व पुरीभाजी वाटली जाते. या मंगळवाराला तेथे 'बडा मंगल' म्हणतात आणि त्या अन्नदानाला 'भंडारा'.

हे शब्द मराठी माणसाच्या कानावर प्रथम पडले, तर तो क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही. त्याच्या लेखी 'मंगल' म्हणजे शुभ. वाराचे नाव घ्यावयाचे तर 'मंगळ' असा 'ळ' हवा. 'भंडारा' म्हटल्याबरोबर त्याच्या डोळ्यांपुढे जेजुरीच्या खंडोबावर उधळली जाणारी हळद उभी राहते. खुद्द 'अलीगंज' या नावाची घडणही मोठी मौजेची आहे. 'अली' हे अरबी नाव. 'गंज' हा फारसी शब्द; त्याचा मूळ अर्थ खजिना. हिंदुस्थानात आल्यावर तो बाजारपेठेला लागू झाला आणि पुढे गावांच्या व वस्त्यांच्या नावांत कायमचा बसला. अरबी व फारसी शब्दांनी घडलेल्या नावाच्या वस्तीत हनुमंताचा मेळा भरतो, यात तेथे कोणालाही विसंगती वाटत नाही.

मग या शब्दांचा खरा अर्थ कोणता मानावयाचा? जेथे ते जन्मले तेथला, की जेथे ते नांदतात तेथला? शब्दाचे माहेर मोठे, की सासर? या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर देणारा एक विलक्षण पुरुष याच लखनौत होऊन गेला. त्याचे नाव इन्शा अल्ला खां, कवी म्हणून टोपणनाव 'इन्शा'.

इन्शा मूळचा मुर्शिदाबादचा. दिल्लीचा दरबार पाहून तो लखनौला आला आणि नवाब सआदत अली खां यांच्या मर्जीतला झाला. हजरजबाबी, खेळकर आणि अनेक भाषा अवगत असलेला हा कवी भाषेशी एखाद्या खेळण्यासारखा खेळे. अरबी-फारसी शब्द मुळीच येऊ द्यावयाचे नाहीत, असा पण करून त्याने एक अखंड कथा लिहिली. तीच 'रानी केतकी की कहानी'. हिंदी गद्याच्या इतिहासात तिला आद्य स्थानांपैकी एक मिळाले आहे. उर्दू लिपीतील कित्येक अक्षरांना नुक्ते असतात. ती सर्व अक्षरे वगळून, केवळ बिननुक्त्याच्या अक्षरांत त्याने आणखी एक कथा रचली. असले छंद लोकांना रिकामपणचे उद्योग वाटतात. परंतु ज्याला शब्द गाळता येतो, त्यालाच शब्दाचे वजन कळते. याच छंदातून पुढे त्याच्या हातून एक गंभीर कार्य घडले.

1808 च्या सुमारास इन्शाने 'दर्या-ए-लताफत' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा मित्र मिर्झा कतील याने त्यातील छंदःशास्त्रादी भाग लिहिला. त्यापूर्वी या भाषेची व्याकरणे झाली नव्हती असे नाही. डच कंपनीचा सेवक केटेलार याने हिंदुस्तानीचे व्याकरण लिहिले होते आणि त्याची एक नक्कल 1698 मध्ये लखनौतच उतरून घेण्यात आली होती. परंतु ती सारी परक्यांनी परक्यांसाठी केलेली व्याकरणे. उर्दू बोलणाऱ्या माणसाने उर्दूचे लिहिलेले पहिले व्याकरण म्हणून 'दर्या-ए-लताफत'चाच उल्लेख होतो. काळाचा महिमा असा, की तेही फारसीत लिहावे लागले; कारण विद्वानांची भाषा तेव्हा फारसी होती.

या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे, की त्याचा कर्ता पोथी उघडण्याआधी कान उघडतो. दिल्लीच्या निरनिराळ्या मोहल्ल्यांत लोक कसे बोलतात, पंजाबातून आणि पूर्वेकडून आलेल्यांच्या उच्चारांत कोणता फरक असतो, स्त्रियांचे खास शब्द व वाक्प्रचार कोणते, हे सारे त्याने टिपून ठेवले आहे. 'र'च्या जागी घशातून निघणारा 'ग' उच्चारणारे मीर गफर गैनी आणि नूरन नावाची गणिका यांचा संवाद त्याने रंगविला आहे. तो वाचताना व्याकरणाचे पुस्तक हाती आहे, याचा विसर पडतो. छंदःशास्त्रातही तीच खेळकर वृत्ती दिसते. अरबी वृत्तांचा 'मफाईलुन' हा गण विद्यार्थ्यांना रुक्ष वाटतो ना? मग त्याऐवजी 'परी खानम' म्हणावे. लघुगुरूंचा क्रम तोच राहतो. 'फाइलुन'ऐवजी 'चित लगन' म्हणावे. 'यमाताराजभानसलगा' घोकून गण पाठ केलेल्या मराठी विद्यार्थ्याला या युक्तीचे मर्म सांगावयास नको.

या सर्वांहून मोलाचा आहे तो इन्शाने मांडलेला सिद्धांत. त्याचे सार असे: शब्द अरबी असो, फारसी असो, तुर्की असो वा पंजाबी, मूळ भाषेच्या दृष्टीने तो चुकीचा असो वा बरोबर, एकदा तो उर्दूत रुळला, की तो उर्दूचा झाला. त्याची शुद्धाशुद्धता उर्दूच्या वापरावरून ठरेल, मूळ भाषेवरून नव्हे. थोडक्यात, सासरी आलेल्या शब्दाने सासरच्या रीतीने नांदावे आणि माहेरच्यांनी त्यात लक्ष घालू नये.

मराठीपुरते पाहू गेल्यास या सिद्धांताची प्रचीती पदोपदी येते. अरबी 'कुर्सी'ची मराठीत 'खुर्ची' झाली. आज कोणी 'कुर्सी' हेच शुद्ध असे म्हणून मराठीत तसे लिहू लागला, तर अशुद्ध तोच ठरेल. 'फर्दनवीस'चा 'फडणवीस' झाला, तो तर आडनावच होऊन बसला. इंग्रजी शब्दांची कथा याहून रंजक आहे. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंगभेद नाही. मराठीत लिंगावाचून नामाचे पाऊल पुढे पडत नाही. तेव्हा टेबल ते, सायकल ती आणि फोन तो ठरला. पडद्यावरच्या एकाच करमणुकीला मराठी माणूस सिनेमा 'पाहिला' म्हणतो, पिक्चरही 'पाहिला' म्हणतो, पण फिल्म मात्र 'पाहिली' म्हणतो. हे कोणी ठरविले? त्यासाठी कोणतीही समिती बसली नव्हती. अगदी अलीकडचा 'ईमेल' हा शब्द अजून तळ्यात-मळ्यात करतो आहे. कोणाला तो येतो, कोणाला ती येते. कालांतराने बोलणाऱ्यांच्या जिभाच त्याचा निकाल लावतील.

लिंगाचा हा वाद लखनौकरांना नवा नाही. तेथले आणि दिल्लीचे रसिक कित्येक शब्दांच्या लिंगावरून एकमेकांशी हुज्जत घालीत. 'रथ' हा शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, असे कोणीतरी गालिबला विचारले. त्यात स्त्रिया बसल्या असतील तर स्त्रीलिंगी आणि पुरुष बसले असतील तर पुल्लिंगी समजावा, असे त्याने उत्तर दिले. हा किस्सा हालीने गालिबच्या चरित्रात नोंदविला आहे. विनोद खरा, परंतु बोलणाऱ्यांवाचून शब्दाला स्वतःची अशी जात नसते, ही जाण त्या विनोदामागे आहे.

याचा अर्थ भाषेला घडविण्याचे प्रयत्न व्यर्थ असतात असा नव्हे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली. 'दिग्दर्शक', 'महापौर' हे त्यांचे शब्द आज सर्वतोमुखी आहेत. मात्र ते टिकले ते लोकांनी उचलले म्हणून. आगगाडीसाठी योजलेला 'अग्निरथ' हा भारदस्त शब्द लोकांनी उचलला नाही, तो मागे पडला. नव्या शब्दाला जन्म देणे विद्वानाच्या हाती आहे. त्याला आयुष्य देणे लोकांच्या.

इन्शाच्या विचाराला एक मर्यादाही होती आणि ती सांगितल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. कान त्याने सर्वांकडे दिला, पण प्रमाण मानली ती दिल्लीच्या मोजक्या कुलीन घराण्यांची बोली. इतरांचे बोलणे त्याने टिपले ते पुष्कळदा हसण्यासाठी. अशी चूक करणारा तो एकटाच नव्हे. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारे मूल शाळेत हसण्यावारी नेले जाते, तेव्हा तीच चूक घडते. त्या मुलाचा उच्चार त्याच्या घराचा, त्याच्या आईचा असतो. तो हिणविला गेला, की मूल पुष्कळदा बोलणेच सोडून देते. व्याकरणाने भाषेची एवढी हानी करावी, असा त्या शास्त्राचा हेतू कधीच नव्हता. लिहितावाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी 1952 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि खानदेशच्या शेतामळ्यातील बोलीने मराठी कवितेत मानाचे पान मिळविले. प्रमाण भाषेचे नियम तेथे लावावयाचे म्हटले, तर जवळजवळ प्रत्येक ओळ दुरुस्त करावी लागेल आणि दुरुस्त करता करता कविता नाहीशी होईल.

अखेरच्या काळात इन्शावरची नवाबाची मर्जी उतरली. 1817 मध्ये तो लखनौलाच वारला. त्याच्या ग्रंथाचे पुढचे भाग्य महाराष्ट्राशी निगडित आहे. पंडित ब्रिजमोहन दत्तात्रेय कैफी यांनी केलेले त्याचे उर्दू भाषांतर 1935 मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेने औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, प्रसिद्ध केले. उर्दूचे व्याकरण सव्वाशे वर्षे फारसीच्या घरी राहिल्यावर अखेर उर्दूत आले, ते मराठी मुलखात. आपल्या ग्रंथालाही असे माहेर सोडून दूर नांदावयास जावे लागले, हे पाहून त्या खेळकर वैयाकरणाला खचितच गंमत वाटली असती.