विश्लेषण : मार्च आला की विमा एजंट दारात का?

लोणार तालुक्यातील बीबी असो की शेजारचे एखादे खेडे, तिथे आयुर्विमा कंपनीपेक्षा माणसाच्या नावाने जास्त ओळखला जातो. 'भाऊंची पॉलिसी', 'सरांची पॉलिसी'. हे भाऊ किंवा सर बहुधा नात्यातले नाहीतर ओळखीचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या फेऱ्या वाढतात. त्याचे कारण विमा कंपन्यांच्या कार्यसंस्कृतीत आहे.

टार्गेट गावापर्यंत कसे येते?

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. वरून ठरलेला नव्या व्यवसायाचा आकडा शाखा आणि विकास अधिकाऱ्यांमार्फत एजंटापर्यंत उतरतो. एलआयसीत एजंटांसाठी वेगवेगळे क्लब आहेत, चेअरमन्स क्लब त्यांपैकीच एक. सत्कार होतात, फोटो झळकतात. एजंटाला पगार मात्र नसतो. त्याची कमाई म्हणजे कमिशन.

आणि तिथेच खरी मेख आहे. जुन्या पद्धतीत दीर्घ मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन मिळे, नंतर ते ५ टक्क्यांवर येई. म्हणजे २४ हजारांच्या वार्षिक हप्त्यावर आधी ८,४०० रुपये आणि पुढे वर्षाला १,२०० रुपये. अशा हिशेबात जुना ग्राहक सांभाळण्यापेक्षा नवा शोधणे परवडते. एजंटाला एकट्याला दोष देऊन भागत नाही.

शेतकऱ्याचे काय बिघडते?

मार्चमध्ये घेतलेल्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता दर मार्चलाच येतो. सोयाबीनचा पैसा येतो दिवाळीच्या आगेमागे. मार्चपर्यंत तो उधारी, शाळेची फी आणि लग्नकार्यात गेलेला असतो. हप्ता चुकला, ३० दिवसांची सवलतही गेली, की पॉलिसी बंद पडते. त्यानंतर घरातला कर्ता गेला तर वारसांचा पूर्ण रकमेवरचा हक्क धोक्यात येतो.

१९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या काळात २४५ विमा कंपन्या व संस्था एकत्र करून एलआयसी उभी राहिली, तेव्हा विमा खेड्यापर्यंत नेणे हा एक हेतू होता. विमा पोहोचला खरा. तो टिकवण्याचे काम मागे पडले.

आता काय बदलले?

१ ऑक्टोबर २०२४ पासून, वर्षभराचा हप्ता भरून पॉलिसी सोडली तरी नियमानुसार काही रक्कम परत मिळते. पूर्वी किमान दोन वर्षांचे हप्ते भरावे लागत. कंपन्यांवर बोजा आला, तशी एलआयसीने पहिल्या वर्षाचे कमिशन ३५ वरून २८ टक्क्यांवर आणले आणि नूतनीकरणाचे ५ वरून साडेसात टक्के केले. एजंटांनी त्याविरोधात आंदोलने केली.

पॉलिसी पटली नाही तर ती परत करण्यासाठी आता ३० दिवस मिळतात. हे दिवस पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून मोजले जातात. खेड्यात अनेकदा तो 'सांभाळायला' म्हणून एजंटाच्याच कपाटात राहतो.