निद्रावस्थेनंतर लॅपटॉपचे वायफाय बंद पडणे : कारणे व उपाय

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा व आसपासच्या वस्त्यांवरील शाळांत लॅपटॉप ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. यू-डायस प्लसवर विद्यार्थ्यांची माहिती भरणे, शालार्थ प्रणालीतील वेतनाचे काम, वर्गात दीक्षावरील पाठ दाखविणे ही कामे त्यावरच होतात. अशा शाळेत एक प्रसंग पुनःपुन्हा घडतो. मुख्याध्यापक माहितीचा बराचसा भाग भरून होतात, इतक्यात मधल्या सुट्टीची घंटा होते. लॅपटॉपचे झाकण मिटून ते पोषण आहाराच्या वाटपाकडे जातात. परत येऊन झाकण उघडतात तो पडदा पूर्ववत उजळतो, परंतु वायफाय नाहीसे झालेले असते. माहिती पाठविण्याची ती शेवटची तारीख असेल तर शिक्षकाची अवस्था काय होते हे सांगावयास नको. यंत्र नादुरुस्त झाले अशी समजूत होऊन ते कपाटात पडते, किंवा राहुरीस अगर श्रीरामपुरास दुरुस्तीला नेले जाते, आणि तो खर्च पुष्कळदा शिक्षकाच्याच खिशातून होतो. वस्तुतः बहुतेक वेळी यंत्रात काहीही मोडलेले नसते. त्याचा एक भाग झोपेतून उठलेला नसतो, इतकेच.

झाकण मिटल्यावर लॅपटॉप बंद होत नाही, तो निद्रावस्थेत जातो. चालू असलेले काम तो स्मरणात धरून ठेवतो व इतर भागांचा वीजपुरवठा कमी करतो अगर तोडतो. वायफाय अ‍ॅडॅप्टर, म्हणजे बिनतारी संदेश घेणारा व पाठविणारा लहानसा भाग, हाही त्यांपैकीच एक. जागे होताना प्रत्येक भागास त्याच्या ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलीकरवी उठविले जाते. ती जुनी किंवा सदोष असली की हा एक भाग निजूनच राहतो. भंडारदरा धरणाच्या प्रवरा कालव्यांवर भिजणाऱ्या या परिसरातील शिक्षकास हे सहज उमगेल. आवर्तन सुटले, कालवा भरून वाहू लागला, तरी चारीचे दार उघडले नाही तर शेत कोरडेच राहते. अशा वेळी धरणाला किंवा कालव्याला दोष देण्यात अर्थ नसतो. दार पाहावे लागते.

म्हणून प्रथम दार कोणते अडले आहे ते ओळखावे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील वायफायच्या चिन्हावर टिचकी मारली असता तीनपैकी एक स्थिती दिसते.

पहिल्या स्थितीत वायफाय चालू असते, शेजारच्यांची नावे यादीत दिसतात, पण आपले नाव दिसत नाही. येथे लॅपटॉप सर्वस्वी निर्दोष असतो. खेड्यातील बहुतेक शाळांत इंटरनेट येते ते शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटमधून. लॅपटॉप निजला की त्याचा हॉटस्पॉटशी संबंध तुटतो. कोणीच जोडलेले नाही असे पाहून अनेक मोबाइल काही मिनिटांत हॉटस्पॉट आपोआप बंद करतात. मोबाइलमध्ये हॉटस्पॉट पुन्हा चालू केला की काम होते. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये आपोआप बंद होण्याची सोय असेल तर ती काढून टाकावी. हा दोष मोबाइलचा असूनही त्यासाठी लॅपटॉपची जेवढी खटपट होते तेवढी क्वचितच दुसऱ्या कशासाठी होत असेल.

दुसऱ्या स्थितीत जोडणी झाल्याचे दिसते, परंतु इंटरनेट नाही असा शेरा येतो. मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेथेही उघडत नसेल तर डेटा संपला असेल किंवा टॉवरची अडचण असेल. मोबाइलवर उघडत असेल तर लॅपटॉपवरील जोडणी तोडून पुन्हा जोडावी.

तिसरी स्थिती खरी अडचणीची. यादी येतच नाही, किंवा वायफायचे बटणच नाहीसे झालेले असते. अ‍ॅडॅप्टर उठलेला नाही याची ही खूण होय. एअरप्लेन मोड चालू करून लगेच बंद करावा. एवढ्यानेही तो कधी कधी जागा होतो. न झाल्यास स्टार्टच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून डिव्हाइस मॅनेजर उघडावे, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्सखाली वायफायचे नाव शोधावे, त्यास डिसेबल करून पुन्हा एनेबल करावे. तरीही उपयोग न झाल्यास यंत्र पुन्हा सुरू करावे. मात्र येथे एक चूक सर्रास होते. पुष्कळजण शटडाउन करून बटण दाबतात. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शटडाउनने यंत्र पुरते कोरे होत नाही. प्रणालीची आधीची स्थिती साठवून ठेवली जाते व तीच पुन्हा उघडते. दोषही तिच्याबरोबर परत येऊ शकतो. रिस्टार्टने मात्र सर्व प्रारंभापासून होते. म्हणून रिस्टार्टच करावे.

हे तात्पुरते झाले. रोजचाच त्रास असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच नावावर दोनदा टिचकी मारून पॉवर मॅनेजमेंट हे पान उघडावे. वीज वाचविण्यासाठी हा भाग बंद करण्याची परवानगी देणारी चौकट तेथे असते. तिच्यातील खूण काढावी. बॅटरी किंचित लवकर उतरेल. जेथे शाळेच्या वेळात वीज जाते तेथे याचा विचार करावा लागेल, तथापि अर्धवट राहिलेल्या माहितीपेक्षा हा तोटा लहान आहे. काही नव्या लॅपटॉपांत हे पान दिसतच नाही. त्यांची निद्रेची रीत निराळी असते. तेथे उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. त्रास एखाद्या अद्ययावतीकरणानंतर सुरू झाला असेल तर उलट मागचा ड्रायव्हर परत आणावा. ड्रायव्हर या पानावर रोल बॅकचे बटण असते. यांपैकी काही बदलांस प्रशासकीय खात्याचा पासवर्ड लागतो. तो ज्याच्यापाशी असेल त्याची बदली होण्यापूर्वीच शाळेत नोंदवून ठेवलेला बरा. नेटवर्क रीसेट हा उपाय अगदी शेवटी करावा, कारण त्याने साठविलेले सर्व वायफाय पासवर्ड पुसले जातात.

हे सारे करण्यास वेळ नसेल तर मोबाइलची चार्जिंगची केबल हाताशी असतेच. माहिती वाहून नेणारी केबल असेल तर ती लॅपटॉपला जोडून मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करावे. वायफायची गरजच न लागता इंटरनेट मिळते व त्या सायंकाळची माहिती वेळेत जाते. मात्र वायफाय परत आले म्हणजे भरलेली माहितीही परत आली असे नव्हे. काही वेळ हालचाल न झाल्यास संकेतस्थळाचे लॉगिन आपोआप संपते आणि न साठविलेला मजकूर जातो. सबब झाकण मिटण्यापूर्वी पान जतन करावे.

रिस्टार्ट करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये अ‍ॅडॅप्टरचे नावच दिसत नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे व मग सुरू करून पाहावे. तरीही नाव न आल्यास तो भाग सैल झाला किंवा खराब झाला असण्याचा संभव आहे. त्या वेळी दुरुस्तीस न्यावे, आणि कोणकोणते उपाय करून झाले ते कागदावर लिहून सोबत द्यावे. यूएसबीच्या खाचेत बसणारा बोटाच्या पेराएवढा वायफाय अ‍ॅडॅप्टरही बाजारात मिळतो. जुन्या लॅपटॉपला तो लावून पुढची कामे चालविता येतात.