हॉटेल हवं, पण आमच्या खाली नको

शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला गोखले रोडवरच्या ‘प्रकाश’मध्ये शिरायचं असेल, तर अख्खं टेबल आपल्याला मिळेल ही आशा दारातच सोडावी. चौघांच्या टेबलाशी दोन अनोळखी माणसं आधीच बसलेली असतात. आपण ‘बसू का?’ म्हणायचं, त्यांनी पेपर जरासा आपल्याकडे ओढायचा. मेन्यूकार्डाकडे सहसा कुणी बघत नाही. साबुदाणा वडा येतो. बोटांनी मोडला की वरचं कवच कर्रकन वाजतं, आतून वाफ येते आणि त्या वाफेत दाण्याच्या कुटाचा नि जिऱ्याचा वास असतो. शेजारी पियूषचा ग्लास. पियूष घट्टही हवं आणि पिताही यायला हवं. जायफळ लागावं, पण दिसू नये. एवढ्या अटी दादरकर एका ग्लासाला घालतो आणि त्या पुऱ्या झाल्या की काही बोलत नाही. बोलतो तो फक्त बिघडल्यावर.

गेलं वर्षभर मी एकच प्रश्न विचारत फिरले. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, मासळीबाजारात, छबिलदास गल्लीतल्या वड्याच्या रांगेत. दादरमध्ये हॉटेलं पुरेशी आहेत का, आणि चांगली आहेत का? ही काही पाहणी नव्हे. माझ्याकडे तक्ते नाहीत नि टक्केवारीही नाही. पण दोन उत्तरं इतक्या वेळा कानावर पडली, की पुढची आपोआपच मोजायची थांबले. ‘दादरसारखं खाणं अख्ख्या मुंबईत नाही’ हे एक. ‘आता पूर्वीचं काही राहिलं नाही’ हे दुसरं. गंमत म्हणजे बहुतेकदा दोन्ही उत्तरं एकाच माणसाची असत, एकाच श्वासात.

हा विरोधाभास उलगडायचा तर पाट्या वाचायला लागतात. हॉटेल या शब्दापासूनच सुरुवात करू. मराठी माणूस हॉटेलात खातो आणि लॉजवर उतरतो. पण जुनी हॉटेलं स्वतःला हॉटेल म्हणवून घ्यायला लाजत. उपाहारगृह, खानावळ, बोर्डिंग, लंच होम, आरोग्य भुवन, दुग्ध मंदिर. बाहेरचं खाणं म्हणजे पोट बिघडवणं आणि वळण बिघडवणं, असं घराघरांत सांगितलं जायचं तो काळ होता. म्हणून मालकाने पाटीवरच हमी लिहिली: इथे आरोग्य आहे, इथे दूध आहे. दादर स्टेशनसमोर 1910 पासूनची परंपरा सांगणाऱ्या मामा काणे यांनी तर नावातच ‘स्वच्छ’ घातलं. स्वच्छ उपाहारगृह. दर्जा या शब्दाचा तेव्हाचा अर्थ तोच. मात्र तेव्हाच्या मुंबईतल्या पाट्यांवर अनेकदा मालकाची जातही असे, आणि ‘स्वच्छ’मध्ये कोणाच्या हातचं हाही मुद्दा शिजलेला असे, हे विसरून आठवणींचे उमाळे काढण्यात अर्थ नाही. याच दादरच्या हिंदू कॉलनीत डॉ. आंबेडकरांचं राजगृह 1930 च्या दशकात उभं राहिलं. तेव्हा शहरातल्या प्रत्येक उपाहारगृहाचं दार प्रत्येकाला सारखंच उघडं नव्हतं.

बोर्डिंग आणि लंच होम हे शब्द आले एकट्या पुरुषांमुळे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याला आखीव वस्ती वसवली. शिवाजी पार्कचं मैदान 1925 चं. पांढरपेशी कुटुंबं या नव्या इमारतींत आली, पण दादरच्या दक्षिणेला नि पूर्वेला गिरण्या होत्या आणि त्यांत काम करणारा कोकणातला, घाटावरचा गडी बायकापोरं गावी ठेवून आलेला होता. त्याला जेवू घातलं खानावळवाल्या बायकांनी. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. जानेवारी 1982 मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांबरोबर जेवणारे गेले, आणि जेवणारे गेल्यावर त्या खानावळीही. दादरच्या खाद्यइतिहासाची चर्चा होते तेव्हा बटाटावडा येतो, मिसळ येते. या बायका येत नाहीत. त्यांच्या दाराला पाटीच नव्हती.

वड्याचं म्हणाल तर तो दादरचा जवळजवळ कुलधर्म आहे. वडापाव अशोक वैद्य यांनी 1966 मध्ये दादर स्टेशनबाहेर सुरू केला, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. शिवाजी मंदिरात नाटकाचं मध्यंतर वड्याशिवाय होत नाही. छबिलदासच्या हॉलमध्ये सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकं व्हायची, आणि समोरच्या ‘श्रीकृष्ण’चा वडा खाल्ल्याशिवाय त्या चळवळीच्या आठवणी कुणाला सांगताच येत नाहीत. 2015 मध्ये लंडनच्या ‘फूडी हब’ पुरस्कारांत गडकरी चौकातल्या ‘आस्वाद’ची मिसळ जगातली सर्वांत चविष्ट शाकाहारी डिश ठरली, तेव्हा दादरकर हरखला खरा, पण लगोलग त्याने ‘आमची मिसळ तिखटजाळ नसते, हे पुण्या-कोल्हापूरकडच्यांना आता तरी पटेल’ असा हिशेबही चुकता केला.

आता वैविध्य. चालत दहा मिनिटांच्या अंतरात मिसळ-थालीपिठाची उपाहारगृहं आहेत. ‘सिंधुदुर्ग’, ‘गोमांतक’सारखी मालवणी-गोव्याकडची मासळी आहे. उडुपी आहे. शेजारच्या माटुंग्याला तर ते कुलदैवतच: 1939 चं ‘रामाश्रय’, 1940 चं ‘कॅफे मद्रास’, 1942 चं रामा नायक यांचं ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’. केळुसकर रोडवर ‘जिप्सी’ आहे. शिवाय पिझ्झा, मोमो, शावर्मा, कोरियन नूडल्स आणि दर पावसाळ्यानंतर उगवणारे नवे कॅफे. एवढं असून कॉलेजातली मुलं म्हणतात, ‘इथे काहीच नाही, आम्ही बांद्र्याला जातो.’ त्यांचं चुकत नाही. मेन्यूकार्डं जाडजूड झाली, पण पाच कार्डं शेजारी ठेवली तर पनीरचे तेच सात प्रकार, तोच ट्रिपल शेजवान राइस, तेच सिझलर. जाडी वाढली म्हणून वैविध्य वाढलं असं नव्हे.

खरी उणीव मला वेगळीच वाटते. दादर-माहीम ही पाठारे प्रभूंची, सीकेपींची, कोळ्यांची, ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची जुनी वस्ती. पोर्तुगीज चर्चच्या आसपास बॉटल मसाला घरोघर होतो. पण हॉटेलात बसून पाठारे प्रभूंचं भुजणं किंवा सीकेपींची वालाची खिचडी खायची म्हटलं तर वणवण होते. ही जेवणं घरात, लग्नात, ओळखीच्या काकूंच्या ऑर्डरींत राहिली. वऱ्हाडी नि खानदेशी जेवण मधूनमधून महोत्सवापुरतं येतं. ‘मराठी जेवण’ म्हणून पाटीवर मिरवतं ते दोनच प्रांतांचं: कोकणचा समुद्र आणि उपासाचा साबुदाणा.

आणि मागणी? रहिवाशांना विचारलं तर वैविध्य हवंच, असं सगळे म्हणतात. पण मागच्या महिन्यात तुम्ही काय काय खाल्लंत, असं विचारलं की यादी चार पदार्थांवर थांबते. पाहुण्याला दाखवायला दादरकराला पन्नास हॉटेलं लागतात. स्वतःसाठी दोन पुरतात. तो ज्याला दर्जा म्हणतो, ते बहुधा सातत्य असतं. वडा चांगला असण्यापेक्षा तो गेल्या वेळेसारखा असणं महत्त्वाचं.

मासळीच्या हॉटेलांत हे जमत नाही, कारण समुद्र ऐकत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत थाळीतला तुकडा कुठल्या बर्फातून आला, हे चाखणाऱ्याला कळतं. एका ठिकाणी (नाव नको) मी जुलैत सुरमई मागवली नि कापूस चावला. तक्रार केल्यावर वेटर म्हणाला, ‘ताई, बांगडा सांगायला हवा होता.’ खरं सांगणारा वेटर हाही दर्जाच. पापलेटासमोर भाव छापलेला नसतो, ‘साइजप्रमाणे’ असतं. त्याच्यावर चिडणाऱ्यांनी पहाटे बाजारात जाऊन एकदा पापलेटाचा भाव विचारून यावं.

घरपोच मागवण्याच्या अ‍ॅपांनी सातत्याचा आणखी एक घोळ घातला. साबुदाणा वडा प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केला की स्वतःच्याच वाफेत वीस मिनिटांत मऊ पडतो. मिसळीचं फरसाण वेगळ्या पुडीत येतं, पण कट पोचेपर्यंत कोमट झालेला असतो. मग तारे कमी दिले जातात. ‘तिथे आता पूर्वीसारखं नाही’ या वाक्यामागे किती वेळा हा डबा असतो, कोण जाणे.

दर्जावर सगळे बोलले, पण जुन्या उपाहारगृहांत पदार्थ इतका स्वस्त कसा, हा प्रश्न मला कुणीच विचारला नाही. उत्तर पाककौशल्यात कमी आणि भाड्याच्या पावतीत जास्त आहे. 1947 चा मुंबईचा भाडे कायदा; त्याच्या लांबलचक इंग्रजी नावात ‘हॉटेल’ हा शब्दही होता, अर्थात तिथे तो राहण्याच्या हॉटेलांसाठी. या कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि त्यात वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा मिळाली. पण बँका आणि 1 कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या या संरक्षणाबाहेर ठेवल्या गेल्या. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच लांबीरुंदीच्या दोन गाळ्यांत, पागडीचं उपाहारगृह नाममात्र भाडं भरतं आणि साखळीतला कॅफे बाजारभाव. कॅफेतल्या कॉफीत निम्मं भाडंच ढवळलेलं असतं. आपण ज्याला ‘जुन्या लोकांची नियत’ म्हणतो, त्यात नियत आहेच. पण घरमालकाच्या खिशातून गेलेली ऐंशी वर्षांची वर्गणीही आहे. जुन्या इमारतींची दुरुस्ती रखडली त्याचं एक कारण हेच.

आता त्या इमारती पडताहेत. भुयारी मेट्रोच्या कामासाठी गोखले रोड कित्येक वर्षं पत्र्यांआड होता. गिऱ्हाईक पत्र्यांमधल्या बोळातून वाट काढत यायचं. मे 2025 मध्ये दादरचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, रस्ता मोकळा होत गेला, आणि पत्रे गल्ल्यांत शिरले. जिकडेतिकडे पुनर्विकास. नियमाप्रमाणे जुन्या उपकरप्राप्त इमारतीतल्या गाळेधारकाला त्याच्या क्षेत्रफळाएवढा गाळा नव्या इमारतीत मिळतो. कागदावर हॉटेल मरत नाही. पण बांधकामाची चार-पाच वर्षं भट्टी बंद राहिली की आचारी दुसरीकडे लागतो, पोऱ्या गावी जातो आणि वडे तळणारा हात हरवतो. परत आल्यावर देखभाल खर्च, कर, धुराड्याची जागा, अग्निशमनाच्या अटी. बऱ्याच मालकांना यापेक्षा गाळा भाड्याने देणं सोपं वाटतं. त्यात गैर काय? त्यांचीही मुलं इंजिनिअर झालीत.

मात्र मला आश्चर्य वाटलं ते रहिवाशांचं. कट्ट्यावर ‘जुनी हॉटेलं टिकली पाहिजेत’ म्हणणारी माणसं सोसायटीच्या सभेत तळणाचा वास, उंदीर, रात्री उशिरा भांड्यांचा आवाज, फुटपाथवरच्या स्कूटर असे मुद्दे मांडतात. हे मुद्दे खोटे नाहीत. आमच्याच बिल्डिंगच्या सभेत खालचा गाळा कशाला द्यावा यावर दोन तास चर्चा झाली. बँक चालेल, दवाखाना चालेल, चष्म्याचं दुकान चालेल. ‘खाण्याचं नको’ यावर एकमत झालं, आणि सभा संपल्यावर सगळ्यांसाठी वडे मागवले गेले. मीही खाल्ले. मीही हात वर केला होता.

दादरच्याच वीर सावरकर मार्गावर 1954 मध्ये सुरू झालेलं, देशातलं पहिलं केटरिंग कॉलेज आहे. धुराडं कुठून काढायचं, वास वरच्या मजल्यांवर कसा जाऊ द्यायचा नाही, तळणाचं तेल कधी फेकायचं, हे सारं शिकवता येण्याजोगं आहे. तेलाचा नियमही आहे: तळून तळून त्यातले पोलर घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही, असं 2018 पासून बंधन आहे. म्हणजे आपल्या तक्रारींवर उपाय आहेत. फक्त ते नकाशा मंजूर होण्याआधी करावे लागतात. इमारत उभी राहिल्यावर भिंतीत धुराडं घुसवता येत नाही.

म्हणून दादरकरांना एक विनंती. पुनर्विकासासाठी 51 टक्के रहिवाशांची संमती लागते, आणि त्या सह्या होईपर्यंत बिल्डर आपलं सगळं ऐकतो. पार्किंग किती, लिफ्ट किती, देवघराची दिशा कुठली, हे आपण विचारतोच. त्याच बैठकीत आणखी दोन प्रश्न विचारा: खालच्या हॉटेलवाल्याला बांधकामाच्या काळात जवळपास पर्यायी जागा कुठे देणार, आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत धुराड्याची वाट नकाशात कुठे दाखवली आहे. उत्तर लेखी घ्या. सही त्यानंतर करा.