चाल मोजायला दहा मीटर पुरतात

गोंदियासह पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात. काहींच्या खुब्यातला हाडाचा गोल माथा त्यामुळे मरू लागतो. मग जांघ दुखते आणि चाल बदलते. दुखऱ्या पायावर माणूस कमी वेळ टेकतो, म्हणून चांगला पाय घाईघाईने आणि जवळच पडतो. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलातून पाय उपसणारी बाई लंगडली, तर घरचे ‘थकली असेल’ म्हणून सोडून देतात. हा अंदाजाचा कारभार थांबवायचा तर चाल मोजायला हवी, आणि ते मोजमाप प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यातही होऊ शकते.

त्यासाठी दहा मीटर सरळ जागा, खडू, टेप आणि मोबाइलमधले घड्याळ एवढेच लागते. पहिले व शेवटचे दोन मीटर वेग घेण्या-सोडण्यासाठी ठेवायचे आणि मधल्या सहा मीटरांचा वेळ टिपायचा. पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला 1.2 मीटर, दहा लागले तर 0.6. तळवे ओले करून चालवले की फरशीवर ठसे उठतात. डाव्या-उजव्या पावलांची लांबी त्यावरून लगेच मोजता येते.

डॉक्टर म्हणतील, यातून कारण कळत नाही. खरेच आहे. सांध्यावरचा भार काढायला जमिनीत बसवलेली बलमापक पाटी, अंगावरच्या खुणा टिपणारे अनेक कॅमेरे आणि स्नायूंचे विद्युतसंकेत नोंदवणारी उपकरणे लागतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची शस्त्रक्रिया ठरवताना त्यांना पर्याय नाही. पण थर्मामीटरही तापाचे कारण सांगत नाही, तरी तो प्रत्येक दवाखान्यात असतोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोणी पाहतेय म्हटल्यावर माणूस सावरून चालतो, शिवाय वेगाचे बरेचसे प्रमाण आकडे परदेशी माणसांवरून आलेले. म्हणूनच तुलना त्याच माणसाच्या मागच्या नोंदीशी आणि एका पायाची दुसऱ्याशी करावी. जागा तीच, पायही दर वेळी अनवाणीच. एकट्या आकड्यापेक्षा दर तीन महिन्यांची ओळ जास्त बोलते.

घरात सिकलसेलचा रुग्ण असेल आणि त्याचा वेग घटत असेल किंवा पावले असमान पडत असतील, तर डॉक्टरांना ही नोंद दाखवा. एक्स-रे निर्दोष आला तरी दुखणे राहिले, तर एमआरआयबद्दल विचारा. माथा मरू लागल्याची सुरुवात एक्स-रेत बहुधा दिसत नाही.