उंबर तोडताना काय काय तुटतं?

रस्त्यासाठी एक उंबर तोडला आणि दुसरीकडे त्याची फांदी लावली की भरपाई झाली, असं धरलं जातं. मला हे पटत नाही. उंबराची बारीक फुलं फळाच्या आतच असतात आणि त्यांचं परागीभवन गांधीलमाशीच्या गणातला एक चिमुकला कीटक करतो. मादी फळाच्या तोंडावरच्या फटीतून आत घुसते. घुसताना बहुतेकदा पंख गमावते. सोबतचे पराग फुलांना लागतात, काही फुलांत ती अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आतच मिलन उरकून साल पोखरतात, त्या भोकातून पराग घेतलेल्या माद्या बाहेर पडतात. त्यांचं आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात कोवळी फळं असलेला दुसरा उंबर सापडायला हवा, कारण एका झाडाची फळं साधारण एकदमच तयार होतात.

वाऱ्यावर हे कीटक लांब जातात, असा आक्षेप येईल. जातात, पण झाडं विरळ झाली की पोचणारे घटतात. फांदीतून झाड वाढतं हेही खरं. मात्र कीटकाविना बी धरत नाही. फ्लोरिडात शोभेसाठी लावलेल्या, उंबराच्याच जातकुळीतल्या नांदरुकाचं असंच झालं. १९७० च्या दशकात त्याचा कीटक तिथे पोचला आणि मगच भिंतींवर, झाडांवर त्याची रोपं उगवू लागली. परागीभवन न झालेली फळं बहुधा कच्चीच गळतात, म्हणजे धनेश, हरियल आणि वटवाघळांचंही अन्न जातं. त्यामुळे तोडीची परवानगी देताना आसपास किती उंबर उरतात आणि ते कधी फळतात, हे तपासायलाच हवं.