सूज उतरते ती कशामुळे?

अ‍ॅस्पिरिन 1899 साली बाजारात आलं. ताप उतरायचा, सांध्यांची सूज ओसरायची. पण गोळी शरीरात नेमकं काय करते, हे कळायला 72 वर्षं लागली. या काळाकडे मागे वळून बघताना जाणवतं, की सूज म्हणजे काय हे आपल्याला बरंचसं ती थांबवणाऱ्या द्रव्यांनीच शिकवलं.

1962 मध्ये विंटर, रिस्ली आणि नस यांनी एक साधी चाचणी मांडली. समुद्री शेवाळातून मिळणारं कॅरॅजिनन उंदराच्या पंजात टोचायचं आणि काही तासांत पंजा किती सुजतो ते मोजायचं. पुढच्याच वर्षी त्यांनी इंडोमेथॅसिन या सूज उतरवणाऱ्या औषधाचे गुण प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या एम.फार्म.च्या प्रबंधांत ही चाचणी आजही भेटते. वनस्पतीच्या अर्काशेजारी तुलनेला इंडोमेथॅसिन नाहीतर डायक्लोफिनॅक असतंच. एकेक रसायन अडवत गेल्यावर या सुजेचे टप्पेही सुटे झाले: आधी हिस्टामिन आणि सेरोटोनिन, मग कायनिन, शेवटी प्रोस्टाग्लँडिन.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो लंडनमधला प्रयोग. 1969 मध्ये प्रिसिला पायपर आणि जॉन व्हेन गिनीपिगच्या फुप्फुसातून वाहून येणारा द्रव सशाच्या महाधमनीच्या पट्टीवर सोडत होते. फुप्फुसात अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया उठली, की पट्टी आकसायची. अ‍ॅस्पिरिन दिलं, की आकसवणारा पदार्थ बाहेरच पडेना. तो अडतो कुठे? व्हेन यांना शंका आली, की तो मुळात तयारच होत नसावा. त्यांनी फुप्फुसाच्या वाटलेल्या ऊतीत, ज्यापासून प्रोस्टाग्लँडिन आणि त्याच्या जातीचे पदार्थ बनतात ते अ‍ॅराकिडॉनिक आम्ल घालून पाहिलं. अ‍ॅस्पिरिन असताना प्रोस्टाग्लँडिन फारच कमी बनलं, इंडोमेथॅसिन असताना त्याहूनही कमी. 1971 मध्ये हे छापून आलं, 1982 मध्ये नोबेल मिळालं.

1991 च्या सुमारास सुजेच्या वेळी वाढणारं दुसरं सायक्लोऑक्सिजनेज, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन बनवणारं विकर, सापडलं आणि फक्त त्यालाच अडवणारी द्रव्यं प्रयोगशाळेत आली. त्यांपैकी रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे 2004 मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं.

मधल्या काळात, 1994 मध्ये, कॉप आणि घोष यांनी दाखवलं, की मोठ्या मात्रेत अ‍ॅस्पिरिन सुजेची जनुकं चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या अगदी वेगळ्या यंत्रणेलाही रोखतं. म्हणून कुणी पेशींवर अ‍ॅस्पिरिन घालून ‘हे प्रोस्टाग्लँडिनचंच काम’ असं लिहिलं, की मी आधी मात्रा शोधतो, आणि मग तेच उत्तर दुसऱ्या एखाद्या द्रव्यानंही दिलं होतं का, ते बघतो.