मोटारीच्या पोटातली मोटर

स्वयंपाकघरातला मिक्सर ठिणग्या उडवू लागला, जळका वास देऊ लागला, की दुरुस्तीवाला तो उघडून न पाहताच सांगतो, "वहिनी, कार्बन गेले असतील." कार्बन म्हणजे काय, ते कुठे असतात आणि ते जातात तरी कुठे, हे विचारण्याच्या भानगडीत आपण पडत नाही. नवे बसतात, चटणी वाटली जाते, विषय संपतो. पण घरात रिमोटच्या गाडीचे वेड लागलेला मुलगा असेल, तर हा विषय असा सुखासुखी संपत नाही.

माझा भाचा पालघरला राहतो. गेल्या वर्षी साठवलेल्या पैशांतून त्याने अशी एक गाडी घेतली. खेळण्यातली नव्हे, सुटे भाग मिळणारी, शौकिनांची. काही महिने ती तुफान धावली. मग चढावर दमू लागली आणि हात लावला तर चटका बसावा इतकी तापू लागली. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत पडले, "टाकून दे, दुसरी घे." मुलाचा चेहरा पडला. दुसरी घ्यायला पैसे कुठले?

बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या मोटरी गुंडाळून देणारे कारागीर आहेत. त्यांतल्या एका ओळखीच्या दुकानात आम्ही गेलो. कारागिराने ती अंगठ्याएवढी मोटर हातात घेतली, आस दोन बोटांनी फिरवला आणि म्हणाला, "बाळा, ही मरायला नाही टेकली. भुकेली आहे."

या भुकेचे कारण समजून घेण्याजोगे आहे. मोटरीच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी फिरतात, भोवती लोहचुंबक असतात. वेटोळी एकाच दिशेने फिरत राहावीत म्हणून त्यांतल्या प्रवाहाची दिशा वेळोवेळी उलटवावी लागते. ते काम आसावरचे तांब्याचे लहान नळकांडे करते. त्याला कॉम्युटेटर म्हणतात. या गाड्यांत त्याचे बहुधा तीन तुकडे असतात. त्यावर स्प्रिंगने दाबून धरलेले दोन कार्बन वीज पोचवतात. इंग्रजीत त्यांना ब्रश म्हणतात, कारण पूर्वी तिथे तांब्याच्या तारांचे झुबके असत. १८८५ साली जॉर्ज फोर्ब्स यांनी कार्बन वापरण्याचे पेटंट घेतले. कार्बन स्वतः झिजतो आणि तांब्याला वाचवतो. झिजणे हेच त्याचे काम!

पालघर-बोईसरकरांनी याच जातीच्या मोटरी वर्षानुवर्षे रुळांवरून जाताना पाहिल्या आहेत. विरारच्या उत्तरेला २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह आणि दक्षिणेला मुंबईपर्यंत दीड हजार व्होल्टचा डीसी, अशी २०१२ पर्यंत या मार्गाची रचना होती. दोन्हींवर चालावीत म्हणून १९७० च्या दशकात चित्तरंजनच्या कारखान्यात खास इंजिने बांधली गेली. प्रत्येकात सहा मोटरी, एकेक सुमारे पावणेआठशे अश्वशक्तीची. आणि त्या साऱ्यांना कार्बन! नव्या तीन-फेज इंजिनांना ते लागत नाहीत. गाड्यांच्या शौकातही आता बिनब्रशच्या मोटरी आल्या आहेत. पण त्या महाग, आणि आत काय चालले आहे ते मुलाला दाखवत नाहीत.

कारागिराने दोन स्क्रू काढून टोपी उघडली. (काही स्वस्त मोटरींचा डबा पत्रा वाकवून कायमचा बंद केलेला असतो, त्या उघडत नाहीत. खरेदीच्या वेळीच हे पाहावे.) कार्बन निम्म्याहून अधिक झिजले होते. इतके झिजले की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, ठिणग्या वाढतात, ठिणग्यांनी तांबे खरवडते आणि मग खर्चही वाढतो. जुनेच कार्बन परत घालायचे असते, तर ज्या घरातून जो निघाला त्यातच, त्याच बाजूने घालावा, कारण त्याच्या तोंडाला कॉम्युटेटरची गोलाई आलेली असते. इथे नवेच बसवायचे होते.

तांब्याच्या तुकड्यांमधल्या फटीत काळी पूड दाटली होती. ती त्याने लाकडी काडीने कोरून काढली. भाचा पॉलिशकागद शोधू लागला, तेव्हा त्याने हात धरला. "तांब्यावरचा चॉकलेटी रंग घासायचा नाही. तो निरोगीपणाचा रंग आहे. काळे चर पडले, तर लेथवर हलकेच पोत काढायचा." आसाच्या दोन्ही टोकांना तेलाचा एकेक थेंब पडला, अधिक नाही, तेल कॉम्युटेटरवर गेले की पुडीचा चिखल होतो. तापण्याचे दुसरे कारणही त्याने शोधले. वेगाच्या लोभाने भाच्याने आसावर मोठे दातेरी चाक चढवले होते. ते उतरले. केळव्याच्या वाळूत गाडी नेण्यावर बंदी आली. एक बॅटरी संपली की दुसरी लावण्याआधी मोटर गार होऊ द्यायची, हेही ठरले.

राहिले नवे कार्बन बसवणे. ते भाच्याने स्वतः केले. मग गाडीला न जोडता दोन सेलवर मोटर काही मिनिटे नुसती हळू फिरवली, कार्बनच्या तोंडाला गोलाई येईपर्यंत. प्रथम ती किरकिरली, ठिणग्या दिसल्या. हळूहळू आवाज एकसारखा झाला आणि ठिणग्या बारीक झाल्या. भाच्याने विचारले, "काका, तुमचे किती झाले?" कारागिराने नव्या कार्बनच्या जोडीचे पैसे घेतले आणि उरलेले जुने तुकडे कागदात बांधून त्याच्याच हातात दिले, पुढच्या वेळी लांबी ताडून पाहायला.